वारा अंगावर घेणारे

(सोलापूर येथे भवानी पेठेतील तरुणांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



२०२६ च्या जानेवारी महिन्यात महाराष्ट्राने दोन मिरवणुका पाहिल्या, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. एक सोलापूरची, शतकानुशतके चालत आलेली. मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत निघणारी सात नंदीध्वजांची. दुसरी पुण्याची, अगदी नवी. १९ ते २३ जानेवारी या काळात पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवरून आणि घाटांवरून धावलेली ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत. पहिलीविषयी भवानी पेठेतील श्रोत्यांना नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. तिच्याकडे पुढे वळायचेच आहे. आरंभ मात्र दुसरीपासून करणे योग्य होईल, कारण त्या शर्यतीने महाराष्ट्राच्या दारात एक असा खेळ आणून उभा केला, की ज्याचे नियम समजतात पण ज्याची नीती चटकन समजत नाही.

अशा शर्यतीत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाला एक दृश्य हमखास बुचकळ्यात टाकते. एक स्वार कित्येक किलोमीटर सर्वांच्या पुढे राहून, मान खाली घालून, जिवाच्या आकांताने सायकल हाकत असतो. त्याच्या मागे त्याच रंगाची जर्सी घातलेले चार-पाच जण आणि त्यांच्या मागे सारा जथा. अखेरचा चढ जवळ येतो आणि नेमक्या त्या क्षणी हा पुढचा स्वार बाजूला सरकतो, पाय मंदावतो, आणि शंभर जण त्याला ओलांडून निघून जातात. शर्यतीच्या निकालपत्रात त्याचे नाव कुठेतरी खाली, नव्वदाव्या नाहीतर एकशेदहाव्या क्रमांकावर सापडते. पाहणारा हळहळतो, “बिचारा, शेवटी दम संपला!” वस्तुतः त्याचा दम नेमका जिथे संपायला हवा होता तिथेच संपलेला असतो. त्याला पहिला येण्यासाठी कोणी आणलेलेच नसते. मागच्या चौघांतला जो एक संघनायक, त्याला शेवटच्या चढाच्या पायथ्याशी ताजातवाना पोचवणे एवढेच त्याचे काम, आणि त्याच कामाचा त्याला पगार मिळतो.

यामागचे शास्त्र साधे आहे. सपाट रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा दूर सारण्यात खर्ची पडते. समोरून वारा असताना तुळजापूर रस्त्याने ज्याने सायकल हाकली असेल त्याला हे निराळे सांगायला नको. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक जवळजवळ भिडवून चालवणाऱ्याचे श्रम सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतात, असा ढोबळ हिशेब या खेळात पूर्वीपासून मांडला जातो. हॉलंडमधील आइंडहोवेन येथील प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला, तेव्हा तर मोठाच आश्चर्यकारक निष्कर्ष निघाला. जथ्याच्या मध्यापासून मागे असणाऱ्या स्वाराला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने त्याच वेगाने जाणाऱ्याच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के भरतो! म्हणजे कोणीतरी पुढे राहून वारा अंगावर घेतो म्हणून कोणीतरी मागे सुरक्षित राहतो. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत हे एकवीस दिवस आणि साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास चालते. आठ जणांच्या संघातील सातांनी वारा खायचा आणि आठव्याने विजयमंचावर चढायचे, अशी ही योजना आहे.

वारा अडवणे हे तर मुख्य काम झाले. त्याशिवाय नायकाला तहान लागली की मागे संघाच्या मोटारीपर्यंत जायचे, पाण्याच्या सहा-आठ बाटल्या जर्सीत पाठीवर, छातीवर कोंबायच्या आणि पुन्हा जीव काढून जथा गाठायचा. नायकाचे चाक फुटले तर आपले काढून द्यायचे. तो पडला तर थांबायचे, त्याला पुन्हा जथ्यात आणून सोडायचे. या माणसाला जर्मन भाषेत ‘वासरट्रेगर’ म्हणजे पाणी वाहणारा म्हणतात. इटालियन भाषेत ‘ग्रेगारियो’ म्हणतात, जो शब्द रोमन सैन्यातील सामान्य शिपायाची आठवण करून देतो. फ्रेंचांनी तर सरळ ‘डोमेस्तिक’ म्हणजे घरगडी असे नाव दिले. मराठीत शब्द शोधायचाच झाला तर ‘पाणक्या’ हा आपला जुना शब्द नेमका बसेल.

हे फ्रेंच नाव कसे पडले याची कथा ऐकण्यासारखी आहे. टूर द फ्रान्सचा प्रवर्तक आंरी देग्रांज याला ही शर्यत निखळ वैयक्तिक पराक्रमाची हवी होती. एकाने दुसऱ्याला मदत करणे हे त्याच्या लेखी पाप होते. १९११ च्या शर्यतीत मोरिस ब्रोक्को नावाच्या स्वाराने बराच वेळ गमावला, स्वतःच्या विजयाची आशा संपली, तेव्हा त्याने इतर स्वारांना आपली सेवा देऊ केली. फ्रान्स्वा फाबेर या मातब्बर स्वाराला त्याने ओढून नेले. देग्रांज संतापला. आपल्याच वर्तमानपत्रात त्याने ब्रोक्कोला तुच्छतेने ‘घरगडी’ म्हटले. दुसऱ्या दिवशी त्या घरगड्याने काय करावे? साऱ्या मातब्बरांना मागे टाकून त्याने तो टप्पा मोठ्या फरकाने जिंकला. देग्रांजने आदल्या दिवसाच्या अपराधाबद्दल त्याला शर्यतीतूनच काढून टाकले.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. आज ज्याला संघनिष्ठा म्हणून गौरवले जाते ती गोष्ट आरंभी लबाडी समजली जात होती, ही एक. आणि दुसरी अधिक महत्त्वाची. ज्याला घरगडी म्हणून हिणवले, त्याच्या पायांत शर्यत जिंकण्याची ताकद होती. ती नसती तर त्याच्या मदतीला कोणी विचारलेही नसते. साहाय्यक म्हणजे दुय्यम वकुबाचा, हा समज इथे मुळातच कोसळतो. दुबळ्याच्या पाठीमागे कसला आडोसा मिळणार? जो स्वतः जिंकू शकतो त्याचीच मदत मोलाची ठरते, आणि जो स्वतः जिंकू शकतो त्यालाच ती देताना अवघड जाते. महत्त्वाकांक्षा मारून टाकलेला साहाय्यक संघाला कवडीच्या किमतीचा असतो. आपल्याकडे मैफलीत उस्तादाच्या वा पंडितजींच्या मागे तंबोरा घेऊन बसणारा शिष्य गातो, त्याची अवस्था थोडी अशीच असते. गळा तयार हवा, गुरूंचा श्वास संपला की स्वर उचलता यायला हवा, परंतु टाळी घेणारी तान मात्र गिळायची.

आता ज्या प्रसंगाने ही सारी गोष्ट जगाच्या मनात कोरली गेली, त्या १९३४ च्या शर्यतीकडे वळू. १९३० पासून टूर द फ्रान्समध्ये राष्ट्रीय संघ उतरू लागले होते. फ्रान्सच्या संघाचा नायक होता आंतोनें मान्य, १९३१ चा विजेता. त्याच संघात रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा प्रथमच उतरला होता. कान शहरातील हॉटेलात लिफ्ट चालवणारा हा मुलगा आल्प्सच्या घाटांत असा काही चढला, की सारा फ्रान्स त्याच्याकडे पाहू लागला. पिवळी जर्सी मात्र मान्यच्या अंगावर होती. पुढे पिरेनीज पर्वतात एका उतारावर मान्य पडला, त्याचे चाक मोडले. मागून व्हिएतो आला, थांबला आणि स्वतःचे चाक त्याने काढून दिले. मान्य निघून गेला. व्हिएतो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. शेजारी चाक नसलेली सायकल, डोळ्यांत पाणी. दुरुस्तीची गाडी येईपर्यंत एकेक स्वार समोरून जात होता. त्या क्षणाचे छायाचित्र निघाले आणि ते या खेळातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ठरले.

पण खरी कसोटी लागली दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी व्हिएतो मान्यच्या पुढे होता. मागे नायकाची सायकल बिघडल्याचे कळले. त्याने काय करावे? त्याने सायकल वळवली आणि आलेल्या रस्त्याने उलटा, समोरून येणाऱ्या स्वारांना चुकवत, वर चढून गेला आणि आपली सायकल नायकाच्या हाती दिली. पहिल्या दिवशी थांबणे हे कर्तव्य होते. दुसऱ्या दिवशी मागे फिरणे त्याहून मोठे होते. पुढे जात असलेल्या तरुणाने, ज्याच्यापुढे रस्ता मोकळा आहे त्याने, उलट दिशेला तोंड वळवायचे, हे बोलायला सोपे आहे.

मान्य जिंकला. व्हिएतो पाचवा आला, घाटांचा मानकरी ठरला. लोकांनी मनोमन त्यालाच विजेता मानले, आणि ‘मान्यसाठी व्हिएतोने टूर द फ्रान्स सोडली’ ही आख्यायिका रुजली. हिशेब पाहिला तर ती टिकत नाही. अंतिम निकालात व्हिएतो मान्यच्या मागे जवळजवळ एक तास होता, आणि दोन दिवशी मिळून रस्त्याकडेला गेलेला वेळ त्याच्या आसपासही येत नाही. त्या वर्षी व्हिएतो जिंकणार नव्हता. छायाचित्राने त्याग थोडा फुगवला, हे मान्य करायलाच हवे. त्यागाच्या कथा सांगणाऱ्यांना आकडे तपासण्याची सवय क्वचितच असते. तरीही त्या कठड्यावर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला अंतिम निकाल ठाऊक नव्हता. त्याला एवढेच दिसत होते, की आपली संधी समोरून निघून चालली आहे. डोळ्यांतले पाणी खरे होते.

व्हिएतोला टूर द फ्रान्स कधीच जिंकता आली नाही. १९४७ मध्ये कित्येक टप्पे पिवळी जर्सी अंगावर मिरवून शेवटी एकट्याने वेळेशी झुंजण्याच्या प्रदीर्घ टप्प्यात त्याने ती गमावली. तोवर तो स्वतः नायक झालेला होता, आणि अपो लाझारिदेस नावाचा तरुण त्याचा निष्ठावंत पाणक्या होता. एक आख्यायिका अशी सांगतात, की दुखापतीमुळे व्हिएतोच्या पायाचे बोट कापावे लागले, तेव्हा त्याने लाझारिदेसलाही त्याचे बोट कापून घ्यायला लावले आणि त्या भोळ्याने ते केलेही. खरेखोटे देव जाणे. पण सायकलविश्वाने ही कथा व्हिएतोच्याच नावावर चिकटवली, यात काही अर्थ असावा. ज्याने एकेकाळी सर्वस्व दिले, त्याला पुढे दुसऱ्याकडून सर्वस्व मागताना संकोच वाटत नाही. “आम्ही नाही का केले?” हा प्रश्न विचारणारी माणसे प्रत्येक संस्थेत, प्रत्येक घरात असतात.

घराचा विषय निघाला तर भवानी पेठेपासून दूर जाण्याचे कारण नाही. या भागात यंत्रमागाचा खडखडाट ज्यांनी जन्मापासून ऐकला, त्यांना एक गोष्ट परिचयाची आहे. घरातला थोरला शाळा सोडून मागावर उभा राहतो, आई विड्या वळते, आणि धाकटा शिकतो. थोरल्याची बुद्धी कमी होती असे थोडेच असते? अनेकदा तोच वर्गात पुढे असतो. कोणी त्याला विचारत नाही, कोणी त्याला वचन देत नाही, आणि धाकटा पुण्याला नोकरीला लागल्यावर त्या न विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब दोघांच्या मनात वेगवेगळा मांडला जातो. थोरल्याच्या मनात तो ऋण म्हणून असतो, धाकट्याच्या मनात तो ‘दादाला शिक्षणाची आवडच नव्हती’ अशा सोयीस्कर स्मृतीत रूपांतरित झालेला असतो. भाऊबंदकीचे मूळ पुष्कळदा जमिनीच्या तुकड्यापेक्षा या न मांडलेल्या हिशेबात असते.

आता नंदीध्वज. उंच, जड काठी एका वेळी एकच जण पेलतो. त्याच्या भोवती दुसरे सज्ज असतात. तोल ढळतो आहे असे दिसताच हात पुढे येतात, एक थकला की दुसरा काठी घेतो. त्यासाठी यात्रेआधी कितीतरी दिवस सराव चाललेला असतो. बाराबंदी घातलेल्या त्या तरुणांत कोण पुढे आणि कोण मागे याचा वाद होत नाही, कारण बघणारा हात जोडतो तो ध्वजाला आणि सिद्धरामेश्वरांना. पेलण्याची पाळी आज याची, उद्या त्याची. सायकलच्या शर्यतीत ही सोय नाही. तिथे ज्याच्यासाठी घाम गाळायचा तो देव नव्हे, ध्येयही नव्हे. तो आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच पगारदार, कधीकधी आपल्याहून किंचित कमी ताकदीचा माणूस असतो. देवाच्या पायी अहंकार वाहणे कठीण आहेच, पण शेजारच्या माणसासाठी तो बाजूला ठेवणे अनेकांना त्याहून कठीण जाते. म्हणूनच तिथे शब्दाला, वचनाला, आधी ठरलेल्या अटींना विलक्षण महत्त्व येते.

ते न पाळल्यास काय होते हे १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांनी दाखवले. ‘ला व्ही क्लेर’ या संघात फ्रान्सचा बर्नार इनो हा नायक, आणि अमेरिकेचा तरुण ग्रेग लेमाँड हा त्याचा साहाय्यक. १९८५ मध्ये इनो पाचव्या विजयाच्या मागे होता. पडून त्याचे नाक मोडले होते, पर्वतात तो मागे पडला. लेमाँड पुढे होता आणि त्याला जाऊ दिले असते तर पिवळी जर्सी कदाचित त्याची झाली असती. संघाच्या मोटारीतून आज्ञा आली, थांब. तो थांबला. नायक किती मागे आहे याची खरी माहिती आपल्याला दिली गेली नाही, ही त्याची तक्रार पुढे कायम राहिली. इनो एक मिनिट बेचाळीस सेकंदांनी जिंकला, लेमाँड दुसरा आला. इनोने जाहीर शब्द दिला, की पुढच्या वर्षी तो लेमाँडसाठी राबेल.

पुढचे वर्ष उजाडले आणि पर्वत लागताच इनोने स्वतःच मुसंडी मारली. एका टप्प्यानंतर तो लेमाँडच्या पाच मिनिटांहून पुढे होता. विचारल्यावर त्याचे उत्तर तयार होते. प्रतिस्पर्ध्यांना दमवण्यासाठी हे करतो आहे, यात लेमाँडचेच हित आहे! संघ दुभंगला. एकाच जर्सीतले स्वार एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. आल्प द्युएझच्या शिखरावर दोघांनी हातात हात घालून रेषा ओलांडली, ते चित्र सुंदर होते, पण तेवढ्याने कोणाचे समाधान झाले नाही. लेमाँड तीन मिनिटे दहा सेकंदांनी जिंकला, टूर जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला, आणि त्या विजयाची कडू चव त्याच्या तोंडातून गेली नाही. इनोने जिंकण्याची इच्छा धरली यात दोष नव्हता. इतका मोठा खेळाडू ती सोडूच शकत नाही. दोष शब्द देण्यात होता. जो पाळण्याची मनाची तयारी नाही तो शब्द, लाखो लोकांसमोर.

इटलीच्या शर्यतीत १९८७ मध्ये स्टीफन रोश याने तर उलटे केले. आदल्या वर्षीचा विजेता, आपलाच नायक रोबेर्तो व्हिसेंतिनी याच्यावरच त्याने हल्ला चढवला. संघव्यवस्थापन थांब म्हणून ओरडत राहिले, संघातील एक एडी शेपर्स तेवढा त्याच्या बाजूने उभा राहिला. इटालियन प्रेक्षक रस्त्याच्या कडेने त्याच्यावर थुंकले. तो जिंकला. त्याच वर्षी टूर द फ्रान्स आणि विश्वविजेतेपदही त्याने मिळवले. फसवणुकीला नेहमी शिक्षा होतेच असे नाही, हे तरुणांनी जाणून असावे.

निष्ठेचीही एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय अर्धवट राहील. लान्स आर्मस्ट्राँग याने १९९९ ते २००५ या काळात सात वेळा टूर द फ्रान्स जिंकली. त्याच्या साहाय्यकांची निष्ठा तेव्हा आदर्श म्हणून सांगितली जाई. त्यांनी वारा अंगावर घेतला, पाणी वाहिले आणि एक गोष्ट पोटात ठेवली. ती गोष्ट उत्तेजक द्रव्यांची होती. २०१० मध्ये फ्लॉइड लँडिस या त्याच्या जुन्या साहाय्यकाने तोंड उघडले. तोही स्वतः त्याच चिखलात होता, २००६ चे त्याचे विजेतेपद काढून घेतलेले होते. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२ मध्ये अहवाल दिला तेव्हा आर्मस्ट्राँगच्या अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षी त्यात होत्या आणि सातही विजेतेपदे रद्द झाली. त्या अकरा जणांना निष्ठावंत म्हणावे की फितूर? महाभारतात हा प्रश्न भीष्म, कर्ण आणि विकर्ण यांच्या रूपाने फार पूर्वी मांडून ठेवलेला आहे. भरसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणारा विकर्ण पुढे दुर्योधनाच्याच बाजूने लढून मेला. निष्ठा आणि मौन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या एका गौण पात्राला भीष्मांपेक्षा अधिक उमजले होते. सायकलच्या खेळाला ते उमजायला बराच काळ लागला आणि त्या दरम्यान, जे तरुण शुद्ध राहू इच्छित होते, त्यांच्यातले कितीतरी जण खेळ सोडून निमूटपणे घरी गेले. त्यांची नावे कुठल्याही निकालपत्रात नाहीत.

महाराष्ट्रात या खेळाचे एक वेगळे रूप गेल्या काही वर्षांत रुजले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने, नऊ दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विसावतो, अशी ही साखळी. मागे पडलेला वेळ कोणाच्या पाळीत गेला हे दोघांनाही ठाऊक असते आणि बोलायचे नसते. २०१७ मध्ये ले. कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. ‘एकट्याने’ हा शब्द इथे जरा जपून वापरावा लागतो. अशा स्वाराच्या मागे रात्रंदिवस गाड्या चालतात. रस्ता सांगणारे, अन्न भरवणारे, जखमा बांधणारे, दीड-दोन तासांच्या झोपेतून त्याला निर्दयपणे उठवणारे आठ-दहा जण असतात. तेही झोपलेले नसतात. शेवटच्या दिवसांत स्वार भ्रमिष्टासारखा त्यांच्यावर ओरडतो. स्वाराला पदक मिळते, आणि या मंडळींना परतीच्या विमानाचे तिकीट. तरीही माणसे पुन्हा जायला तयार होतात, कारण त्यांना काय मिळणार आणि काय नाही हे निघण्यापूर्वीच लख्ख ठाऊक असते.

हा उघडेपणा हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि तो अलीकडे स्पेनच्या शर्यतीत जसा कसाला लागला तसा क्वचितच लागला असेल. अमेरिकेच्या कोलोराडोतील सेप कस हा ‘युम्बो-व्हिस्मा’ या डच संघाचा पर्वतातला सर्वोत्तम पाणक्या. २०२३ मध्ये त्याने इटलीच्या शर्यतीत प्रिमोझ रॉग्लिचला जिंकून दिले, टूर द फ्रान्समध्ये योनास विंगेगार्डला जिंकून दिले, आणि त्याच वर्षी तिसरी मोठी शर्यत, व्हुएल्टा, या दोघांसाठीच खेचायला तो स्पेनमध्ये आला. तिथे पहिल्या आठवड्यात आघाडीच्या एका पळात सापडून त्याला वेळ मिळाला आणि लाल जर्सी अंगावर चढली. ती उतरेना. संघापुढे पेच उभा राहिला. दोन्ही नायक दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर, आणि पाणक्या पहिला!

१३ सप्टेंबर २०२३, आंग्लिरूचा घाट. युरोपातील अत्यंत खड्या चढांपैकी हा एक. त्या चढावर रॉग्लिच आणि विंगेगार्ड कसला मागे सोडून निघून गेले. ज्यांच्यासाठी त्याने वर्षभर वारा खाल्ला, त्यांनी धुक्यात पाठ फिरवली. कस तेव्हा प्रतिस्पर्धी संघातील मिकेल लांडा याच्या चाकामागे कसाबसा तगला. स्वकीयांनी सोडले तेव्हा परक्याचा आडोसा मिळाला. लाल जर्सी केवळ आठ सेकंदांनी वाचली. त्या संध्याकाळी जगभरचे सायकलप्रेमी संतापले. संघाने अधिकृतपणे काहीच ठरवले नव्हते, ‘जो बलवान तो जिंकेल’ असे मोघम धोरण होते, आणि मोघमपणाने जे व्हायचे तेच झाले. दुसऱ्या दिवशी संघाने ठरवले, की कस जिंकेल आणि दोघे त्याला मदत करतील. एवढे एक वाक्य आठवडाभर आधी बोलले गेले असते तर आंग्लिरू घडलाच नसता.

कस सतरा सेकंदांनी जिंकला. विंगेगार्ड दुसरा, रॉग्लिच तिसरा. एकाच वर्षात तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा तो पहिला संघ ठरला. रॉग्लिच त्याच वर्षअखेर संघ सोडून गेला आणि दुसऱ्या संघाचा नायक होऊन २०२४ ची व्हुएल्टा जिंकला. त्याला कोणी फितूर म्हटले नाही, आणि म्हणू नये. आपली महत्त्वाकांक्षा इथे मावत नाही असे वाटले, तो दाराने निघून गेला, खिडकीने नाही. कस मात्र तिथेच राहिला. मोठ्या शर्यतीचा विजेता म्हणून त्याला अन्यत्र नायकपद मिळाले असते असे मानायला जागा आहे. तो पुन्हा बाटल्या वाहू लागला. २०२५ मध्ये विंगेगार्ड व्हुएल्टा जिंकला, तेव्हा घाटांत त्याच्यापुढे राहून खेचणाऱ्यांत सेप कस होता.